जागेवरची सभा

ग्रामपंचायतीत मी पाच वर्षं मेंबर होते. त्यातलं पहिलं वर्ष मी नुसत्या सह्या केल्या. ज्या माणसामुळे माझं तोंड उघडलं आणि त्यापायी घरात माझ्या सासऱ्यांचं माझ्याशी बोलणं चार महिने बंद झालं, त्या माणसाबद्दल सांगायचंय. आमचा ग्रामसेवक. ग्रामसेवकाला आमच्याकडे सगळे भाऊसाहेबच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणणार.

मुरबाडहून धसईकडे निघालं की लागतं आमचं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर निम्मे लोक म्हणतील असं काही झालंच नव्हतं, आणि उरलेले म्हणतील ते आमच्यामुळे झालं. आठवड्याचा बाजार भरतो, आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं येतात, एवढं कळलं तरी पुरे.

नव्वदीतली गोष्ट. बायांसाठी जागा राखीव झाल्या तेव्हा आमच्या वॉर्डात प्रश्न पडला, उभी कोण करायची? मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला उभं केलं. त्यांचा शब्द गावात चालायचा. मला म्हणाले, "सूनबाई, काय घाबरायचं नाय. सही करायची नि घरी यायचं." आमचे हे सकाळीच कल्याणला कामाला जायचे, म्हणून सभेला मला स्वतःला जावं लागे. बाकी दोन बाया मेंबर होत्या त्यांचे नवरे येत.

आणि अशात मोटारसायकलच्या कॅरिअरला गोणपाट बांधून हे भाऊसाहेब आले. माळशेज उतरून, जुन्नरकडचे. अंगानं काटकुळे, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, आणि शर्टाचं बटण एक घर चुकवूनच लावायची सवय. सरपंचांनी हार आणला होता, भजी सांगितली होती. यांनी हार घेतला, भज्यांकडे पाहिलंसुद्धा नाही आणि म्हणाले, "गाव दाखवा." सरपंचांनी देऊळ दाखवलं, शाळा दाखवली, पंचायतीची नवी इमारत दाखवली.

"छान," भाऊसाहेब म्हणाले. "आता सांगा, म्हातारं माणूस चालून थकलं तर या गावात बसतं कुठं?"

सरपंच म्हणाले, "घरी."

भाऊसाहेबांनी खिशातून वही काढली आणि शांतपणे लिहून घेतलं, 'घरी'. सरपंचांचा चेहरा असा झाला की मला पदरात तोंड लपवावं लागलं.

कुठलंही काम निघालं की ते दोनच प्रकारात टाकायचे, पायाचं किंवा डोळ्याचं. रस्ता, गटार, पायरी, सावली, ही पायाची कामं. कमान, रंग, कारंजं ही डोळ्याची. "पायाचं आधी, डोळ्याचं मागून," हे ते दिवसातून चारदा म्हणायचे. एकदा सरपंचांनी वैतागून विचारलं, "आणि पोटाचं काम?" भाऊसाहेब त्यांच्या पोटाकडे बघत म्हणाले, "ते तुम्ही बघताय की." दोन दिवस सरपंच त्यांच्याशी बोलले नाहीत, मग स्वतःच सगळ्यांना तो किस्सा सांगायला लागले.

सभा त्यांना ऑफिसात घ्यायला आवडत नसे. गटाराचा विषय आमच्या सभेत कित्येक वर्षं होता. प्रत्येक वेळी लिहायचं, 'पुढील सभेत विचार करावा.' यांनी अजेंडा काढला आणि स्थळ लिहिलं, 'गटाराशेजारी'. लोकांना वाटलं, गंमत. तर खरोखर गोणपाट अंथरून, मांडीवर प्रोसिडिंगचं बुक घेऊन हे बसले गटाराच्या काठावर. बाकीच्यांनाही बसवलं. भर उन्हाची वेळ, आणि वास तर काय सांगू बाई! उपसरपंच नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मंजूर, मंजूर, सगलं मंजूर! उठा आता." कुणी खोकलं नाही, कुणी हरकत घेतली नाही. त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव पडलं 'जागेवरचे भाऊसाहेब'.

बाया मेंबरांचे नवरे यायचे ना सभेला, त्यांना त्यांनी कायद्याचा बडगा दाखवला नाही. हजेरी घेताना मोठ्यानं बाईचं नाव वाचायचे. नवरा म्हणायचा, "हजर." मग सभाभर त्या मिशाळ माणसाला ते 'ताई' म्हणायचे. "ताई, तुमचं काय मत? ताई, चहा घेता ना?" एवढ्या अदबीनं, की हसावं की रडावं कळू नये. तीन सभा त्या दोघांनी काढल्या. चौथ्या सभेला दोघींनी स्वतः यायला सुरुवात केली. एक तर मला म्हणाली, "आमच्या ह्यांनी घरात सांगितलंन, तूच जा बाय, मला नाय ताई व्हायचं."

असंच एकदा बाजाराच्या दिवशी त्यांनी एका म्हातारीची वालाच्या शेंगांची पाटी मागून घेतली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि एसटी स्टँडपासून बाजारतळापर्यंत चालत निघाले. मागून म्हातारी ओरडतेय, "अरं माजी पाटी! अरं सायेब चोर झाला काय?" निम्म्या वाटेत यांना घाम फुटला. पाटी खाली ठेवावी तर परत डोक्यावर घ्यायला कोणी हात लावायला हवा. तेव्हा म्हातारीनं सांगितलं, की पूर्वी तिथं छातीइतका उंच दगडी ओटा होता, ओझं त्यावर टेकवायचं, दम खायचा, आणि परत डोक्यावर सरकवून घ्यायचं. रस्ता रुंद करताना तो काढून टाकला होता आणि पंचायतीत कुणाला त्याची आठवणही नव्हती. पंधरा दिवसांत त्यांनी तिथं नवा ओटा बांधून घेतला. अजून आहे. पुढे त्यांची बदली शहापूर तालुक्यात झाली, तिकडे डोळखांबच्या पाड्यांवरसुद्धा त्यांनी असले ओटे बांधले म्हणे. सापगावला माझी नणंद दिलेली, ती सांगत होती, एक ग्रामसेवक डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालताना पाहिला. मी म्हटलं, तो आमचाच.

आता मुख्य गोष्टीवर येते.

दिवाळी झाली होती. त्या वर्षी एकच मोठं काम होण्यासारखं होतं, आणि सरपंचांच्या मनात होती कमान. फाट्यावर, त्यांच्या वडिलांच्या नावाची, वर दोन हत्ती. हत्तींचं चित्र ते खिशात घेऊन फिरायचे. मामंजींनाही कमान पसंत होती. आणि मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, पण ते तोंडानं उच्चारायची माझी छाती नव्हती. बाजारात बायांसाठी संडास नव्हता. आता लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा सासऱ्यांच्या देखत हा शब्द काढायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मी भाऊसाहेबांना एकदा आडून सांगायला गेले, "ते बाजारात... बायांना... जरा अडचण होते." त्यांनी वही काढली, परत मिटली. म्हणाले, "बाई, 'अडचण' असा विषय अजेंड्यावर लिहिता येत नाही."

मग सभेचा अजेंडा निघाला. विषय एक: कमानीची जागा ठरवणे. स्थळ: बाजारतळ. वेळ: बाजाराच्या दिवशी सकाळी नऊपासून बाजार उठेपर्यंत. सरपंच खुश. त्यांना वाटलं, बाजारभर लोकांसमोर कमान मंजूर होणार.

बाजारतळाच्या मधोमध, भाजीवाल्या बायांच्या ओळीतच, भाऊसाहेबांनी सतरंज्या घातल्या. समोर चहाचं हॉटेल. हॉटेलाबाहेर दोन लांब बाकडी, आणि त्यांवर गावातली सगळी जाणती माणसं सकाळपासून बसलेली असायची. मधोमध मामंजी. ती त्यांची जागा, तिथं दुसरं कोणी बसत नसे.

भाऊसाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं, "आपण नऊ मेंबर. चौघं बाहेरगावी, त्या दोघी ताई धरून. पाच हजर, म्हणजे जेमतेम गणपूर्ती. एक जरी उठला तरी सभा मोडली, आणि कमान गेली पुढच्या महिन्यावर. तेव्हा उठायचं नाही." एवढं बोलून त्यांनी हॉटेलवाल्याला चहा सांगितला. मग अर्ध्या तासानं परत चहा. मग ताक. मग उसाचा रस. आग्रह काय करायचे! "घ्या हो, ऊन आहे, घ्या." मी काही घेतलं नाही. बाजारात मी कधीच काही घेत नसे.

अकरा वाजेपर्यंत हत्तींची तोंडं कुठल्या बाजूला असावीत यावर चर्चा झाली. बाराला उपसरपंच मांडी बदलायला लागले. साडेबाराला त्यांनी करंगळी वर केली.

"काय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"अहो... जरा जाऊन येतो. त्या भिंतीमागं."

"जा की. पण या बाया सकाळपासून बसल्यात ना शेजारी, त्या जातात तिथंच जायचं."

उपसरपंचांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "त्या कुठं जातात?"

कुणालाच माहीत नव्हतं. सरपंचांना नाही, कोपऱ्यातल्या मेंबरला नाही. जन्म याच बाजारात गेलेला त्यांचा. भाऊसाहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा."

समोर बाकड्यावर मामंजी. त्यांच्या हातात चहाचा ग्लास. मी खाली सतरंजीकडे पाहिलं. पण शेजारी ती वालाच्या शेंगांवाली म्हातारी बसली होती, तिनं माझ्या गुडघ्याला हळूच बोट लावलं. काय झालं कोण जाणे, मी उठून उभी राहिले. पदर घट्ट धरला.

"त्या जात नाय," मी म्हटलं. "कुठंच जात नाय. सकाळी घरनं निघाल्यापासनं पाणी पीत नाय. पोटुशी असली तरी नाय. रातीला घरी पोचेपर्यंत दम धरतात. बाजारात बायांसाठी संडास पायजे. आधी संडास, मग तुमची कमान."

बाजारात एकदम शांतता झाली, म्हणजे खरंच झाली. काटा घेतलेला वाणीसुद्धा थांबला. आणि त्या शांततेत उपसरपंच कळवळून ओरडले, "माझं अनुमोदन! लिवा, लिवा! आता जाऊ का?"

हसण्याचा असा फटाका फुटला म्हणता! बाया तर एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. सरपंचसुद्धा हसले, कारण त्यांचीही वेळ भरत आली होती. ठराव झाला. सूचक म्हणून माझं नाव लागलं, नवऱ्याच्या नावाशिवायही ते पूर्ण दिसतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला फार बरं वाटलं. मग मी समोर पाहिलं. मामंजींनी ग्लास बाकड्यावर ठेवला आणि मान खाली घालून ते घराकडे चालू लागले.

संध्याकाळी घरी सासूबाईंना म्हणाले, "माज्या सुनंनं चारचौघांत तसला शब्द काढला. मी आता तोंड कुठं दाखवू?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या कधी उलट बोलायच्या नाहीत. सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "चाळीस वर्सं मी त्याच बाजारात भाजी विकली. तुमी समोरच बसायचात. कधी इचारलंत, तू कुठं जातेस म्हनून?"

त्या दिवसापासून मामंजींचं माझ्याशी बोलणं बंद. माझं नाव झालं 'मेंबर'. मी समोर उभी असले तरी सासूबाईंना सांगायचे, "मेंबरला इचार, चाय झाला काय." "मेंबरला सांग, गाय सोडली." मी हसायची, पण आतून मला टोचायचं. त्यांचा माझ्यावर जीव होता. लग्न होऊन आले तेव्हा मला सायकल शिकवणारा हा सासरा होता.

होळीच्या सुमारास संडास उभा राहिला. पक्का, पत्र्याचं छप्पर, पाण्याची टाकी, दारावर निळ्या अक्षरांत पाटी. तालुक्याचे साहेब आले, नारळ फुटला. आणि पुढच्या बाजारी एकही बाई तिकडे फिरकली नाही. त्याच्या पुढच्या बाजारीही नाही. टाकीतलं पाणी तसंच. कुणीतरी दाराच्या कडीला बकरी बांधली.

भाऊसाहेबांची दशा बघवत नव्हती. दाराची कडी तपासली, पाणी तपासलं, आतला दिवासुद्धा दोनदा बदलला. शेवटी त्यांनी आपली नेहमीची युक्ती केली. संडासाच्या दारापासून दहा पावलांवर गोणपाट अंथरलं आणि सकाळपासून वही-पेन घेऊन बसले, कोण येतं, कोण येत नाही ते बघायला!

शेंगांवाली म्हातारी माझ्याजवळ आली. "अगो, तो तिथं काय लिवतोय? कोन किती येळा गेली ते लिवून मुरबाडला धाडनार काय?"

मला हसू आवरेना. मी जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, चष्मा पडला, दोरा तुटला. "बाई, मी गाढव आहे," म्हणाले, आणि गोणपाट गुंडाळून तिथून जवळजवळ पळाले. तरीही कुणी गेलं नाही. दुपारी ते परत आले, अगदी रडवेले. "आता तर मी नाही. मग का जात नाहीत?"

मी त्यांना माझ्या आणि सासूबाईंच्या शेजारी, बायांच्या ओळीत, बसवलं. म्हटलं, "हितनं बघा."

त्यांनी पाहिलं. दार बरोबर हॉटेलासमोर होतं. नकाशात दर्शनी बाजू रस्त्याकडे दाखवलेली, तशीच बांधली होती. आणि समोर दोन बाकडी भरून सगळ्या बायांचे सासरे, थोरले-धाकटे दीर, तोंड इकडे करून बसलेले. त्यांच्या देखत दार उघडून आत कोण जाणार?

"दार मागे फिरवू," भाऊसाहेब म्हणाले. पण मागं नाला होता. मग म्हणाले, आडोशाची भिंत घालू. त्याला नवी मंजुरी, म्हणजे पुढचं वर्ष. आणि एकदम उठून हॉटेलाकडे निघाले. मला म्हणाले, "चला. जागेवरच बोलू."

बाकड्यांसमोर जाऊन उभे राहिले, आणि जो माणूस गटाराकाठी सभा घ्यायला लाजला नव्हता, त्याला शब्द सुचेना. "म्हणजे मंडळी... त्याचं असं आहे..." शेवटी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा मीच! मामंजी माझ्यापासून चार हातांवर. मला वाटलं, आता बोलले तर ते जन्मात माझ्याशी बोलणार नाहीत. आणि नाही बोलले तर तिथं बकरीच बांधलेली राहणार.

"तुमी सगले हिकडं तोंड करून बसता," मी म्हटलं. आवाज फाटला. "बायांना लाज वाटते. येवढंच हाय."

एकानं बिडी विझवली. मामंजींनी ग्लास खाली ठेवला आणि उठले. मला कळलं, आता ते घरी जाणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ते घरी गेले नाहीत. वाकून त्यांनी बाकड्याचं एक टोक धरलं आणि शेजारच्या म्हाताऱ्यावर खेकसले, "बसलास काय रे? ऊठ. धर त्या अंगानं."

दोघांनी ते जड बाकडं उचललं, गरकन फिरवलं आणि हॉटेलाच्या भिंतीकडे तोंड करून ठेवलं. ते पाहून दुसरं बाकडंही फिरलं. सगळी जाणती माणसं बाजाराकडे पाठ करून, बिस्किटांच्या बरण्यांकडे बघत ओळीनं बसली. भाऊसाहेबांनी घाईघाईनं गोणपाट अंथरलं आणि तेही त्यांच्या पायाशी भिंतीकडे तोंड करून बसले.

मामंजींनी मान वळवली नाही. बरण्यांकडे बघतच मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, सांग त्यांना. आता कोन बघत नाय."

मला सांगायची गरजच पडली नाही. भाजीच्या पाट्या तशाच टाकून पाच-सहा जणी, हसत, एकमेकींना पुढं ढकलत, त्या दाराकडे निघाल्या होत्या. आणि त्यांच्या सगळ्यांच्या पुढं, चाळीस वर्षांनी, माझ्या सासूबाई होत्या.